बारा किलोचा मासा कसा तोलावा

मोठा मासा गळाला लागणे हा नशिबाचा भाग असला, तरी त्याचे वजन ठरवणे सर्वस्वी आपल्या हाती असते. खडकवासल्यापासून भाटघरपर्यंत कोणत्याही धरणाच्या काठी रविवारी गळ टाकून बसणाऱ्या हौशी मंडळींनी ही विद्या अलीकडे इतकी आत्मसात केली आहे की, तिचे शास्त्र एकदा लिहून ठेवणे मला अगत्याचे वाटते. पुढील सूचना निष्ठेने पाळाव्यात. माशाचे वजन दीडपट भरले नाही, तर दोष माशाचा समजावा.

प्रथम काट्याविषयी. प्रवासाच्या बॅगा तोलण्यासाठी बनवलेला, पन्नास किलो क्षमतेचा, मुठीत मावणारा डिजिटल काटा मागवावा. तो दहा-दहा ग्रॅमच्या टप्प्याने आकडे दाखवतो, त्या अर्थी दहा ग्रॅमपर्यंत अचूकही असलाच पाहिजे, असा समज मनाशी घट्ट धरावा. दशांशचिन्हापुढे दोन अंक उमटले की शंकेला जागा उरत नाही, हे आपण रिक्षाच्या मीटरसमोर बसून शिकलेलो आहोतच. मंडईतल्या भाजीवाल्याच्या काट्यावर वैध मापन शास्त्र विभागाचा पडताळणीचा शिक्का आहे की नाही हे चष्मा पुसून पाहावे, आणि गणेश पेठेत मासळीवाल्या मावशींशी पन्नास ग्रॅमसाठी हुज्जतही घालावी. मात्र स्वतःच्या काट्याची पडताळणी करणे हा मैत्रीचा अपमान मानावा.

वडिलोपार्जित ताणकाटा असेल, तर सोन्याहून पिवळे. वर्षानुवर्षे ताण सोसून त्याची स्प्रिंग सैल झालेली असते, त्यामुळे आकड्याला काहीही अडकवलेले नसतानाही दर्शक दोनशे ग्रॅमवर विसावलेला दिसतो. त्याला शून्यावर आणण्याच्या फंदात पडू नये. तो देवाने दिलेला पासंग आहे.

बॅटरी बदलू नये.

काटा घरी तपासून पाहण्याचा मोह अनेकांना होतो, तो कटाक्षाने टाळावा. एक लिटर पाण्याचे वजन जवळपास एक किलो भरते, हे शाळेत शिकल्यामुळे सर्वांना ठाऊक असते. तेव्हा पाच लिटरचा कॅन आधी रिकामा आणि मग नीट मापून भरलेला असा दोनदा काट्याला लटकवला, तर काटा पाच किलोच्या जागी किती दाखवतो हे पाच मिनिटांत कळते. परंतु एकदा कळले की ते विसरता येत नाही, आणि पुढचा प्रत्येक मासा लहान होत जातो.

मासा तोलायच्या ओल्या झोळीचा किंवा जाळीचा धडा करू नये, म्हणजे तिचे वजन वजा करू नये. पाणी तुमच्याच धरणाचे आहे, ते माशात धरायला हरकत नाही.

या बाबतीत परदेशातील लोकांचे हाल पाहण्यासारखे आहेत. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी 2 जून 1932 रोजी पकडलेला लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला मासा 22 पौंड 4 औंस भरला, आणि त्या विक्रमाची बरोबरी करायला जगाला 2009 साल उजाडावे लागले. त्या वर्षी जुलैत जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी पकडलेला बास 10.12 किलो, म्हणजे पेरी यांच्या माशापेक्षा जवळपास एक औंसाने जड भरला. तरीही मासेमारीचे विक्रम नोंदवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशनने विक्रम मोडल्याचे मान्य न करता बरोबरी झाल्याचे जाहीर केले, कारण त्या वजनाच्या माशाला जुना विक्रम मोडण्यासाठी निदान दोन औंस, म्हणजे सुमारे 57 ग्रॅम, अधिक भरावे लागते. हीच संस्था होडीत केलेले वजन स्वीकारत नाही, काटा मागील बारा महिन्यांत प्रमाणित केलेला असावा असा आग्रह धरते, आणि झोळीचे वजन वजा करायला लावते. इतका कीस पाडणाऱ्या माणसांना छायाचित्र काढायला सवड केव्हा मिळते, कोण जाणे.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना, आणि तीच मला परवा पुण्याच्या पश्चिमेकडील एका धरणाच्या काठी प्रत्यक्ष पाहायला मिळाली. या स्वस्त काट्यांना एककाचे एक बटण असते. ते दाबत गेल्यास किलो आणि पौंड यांच्या जोडीला अनेक काट्यांत ‘जिन’ हे चिनी एकक येते, आणि एक जिन म्हणजे बरोबर अर्धा किलो. अर्थात हे बटण चुकून दाबले गेले, तर कोणताही मासा त्या क्षणी दुप्पट होतो. 2022 च्या सप्टेंबरात अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील एका स्पर्धेत दोघा जणांनी माशांच्या पोटात शिशाचे गोळे कोंबले, ते उघडकीस आले आणि त्यांना तुरुंगाची हवा खावी लागली. त्या बिचाऱ्यांना अंगठ्याने एक बटण दाबायचे सुचले नाही. परवा पडद्यावर 12.40 असा आकडा उमटला, जल्लोष झाला, आणि आकड्याच्या कडेला किलोचे चिन्ह नाही हे मी दाखवायला गेलो, तेव्हा माझ्या मुलाच्या वयाचा एक गृहस्थ मला म्हणाला, “काका, मूड घालवू नका ना.” ठीक आहे. मूड घालवणे वाईटच. पण लांबी त्यांनीच टेप लावून 33 इंच सांगितली होती. पोटाच्या घेराचा वर्ग करावा, त्याला लांबीने गुणावे आणि 800 ने भागावे, म्हणजे इंचांवरून पौंडांत अंदाजे वजन मिळते, हे जुने सूत्र आहे. त्या सूत्राने 33 इंचांचा मासा 12.4 किलो भरायचा असेल, तर त्याच्या पोटाचा घेर जवळजवळ 26 इंच हवा. समोरच्या माशाचा घेर 18 इंचांच्या आसपास होता, म्हणजे वजन सहा किलोंच्या आसपास. गणित सरळ आहे, आठवीतल्या मुलाला येईल. ते काठावरच्या अभियंत्यांपैकी एकालाही करावेसे वाटले नाही, आणि त्याच संध्याकाळी ‘12.4 किलोचा राजा’ या मथळ्याखाली छायाचित्र मंडळींच्या, नावात ‘पकडा आणि सोडा’ मिरवणाऱ्या फोनवरच्या समूहावर फिरले, त्याला अभिनंदनाचे संदेश आले, आणि मी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर म्हणून हात जोडलेले चित्र आले.

आकडा खोटा होता, एवढ्यावर मी कदाचित गप्प बसलो असतो. आपल्याकडे मापात पाप नवीन नाही. परंतु तो आकडा मिळवायला जे केले, ते उपरोधाने लिहिण्याइतका माझा हात आता स्थिर राहिलेला नाही.

मासा गळातून सोडवल्यावर काटा शोधायला सुरुवात झाली. काटा गाडीत होता. तो येईपर्यंत मासा उन्हात तापलेल्या खडकावर फडफडत होता. काटा आला, तेव्हा झोळी कोणी आणलेलीच नव्हती, म्हणून काट्याचा हूक सरळ कल्ल्यात घालून मासा उभा लटकवला. सहा किलोंचे शरीर पाण्यात आधारलेले असते; त्याला कल्ल्यावर टांगले की पाण्यातला प्राणवायू रक्तात घेणारे ते नाजूक तंतू फाटतात आणि आतले अवयव खाली ओढले जातात. मासा हिसके देत होता, त्यामुळे आकडा नाचत होता. एकाचा फोन तयार नव्हता, म्हणून वजन पुन्हा केले. दुसऱ्या खेपेस आकडा कमी आला, म्हणून तिसऱ्यांदा केले. तिन्हींतला सर्वांत मोठा ठेवला. मग ‘सोडण्याचे’ चित्रीकरण झाले, मासा काठाच्या उथळ पाण्यात ठेवला गेला, आणि मंडळी मिसळ खायला निघून गेली. मी थांबलो होतो. मासा पोट वर करून तरंगला.

आणि तो महसीर होता. ब्रिटिश अधिकारी विल्यम साइक्स यांनी 1839 मध्ये ज्याचे शास्त्रीय वर्णन याच मुळा-मुठेच्या पाण्यातल्या, पुण्याजवळच्या माशांवरून केले, तो. ज्याची पिल्ले लोणावळ्याजवळ वळवणच्या केंद्रात टाटा पॉवरने दशकानुदशके वाढवून ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली, तो.

मासा सोडायचा होता ना? मग गळ पाण्यात टाकण्याआधी काटा सुरू करून ठेवायला काय झाले होते? झोळी भिजवून काट्याला लावा, शून्याचे बटण दाबा, एकक किलो आहे का ते वाचा, आणि मग मासा ओल्या हातांनी, आडवा, पाण्याबाहेर काही क्षणच ठेवून तोला. आकडा स्थिर झाला की वाचा, एकदाच. जो येईल तो लिहा. सहा किलोंचा महसीर गळावर आणणे ही आयुष्यभर सांगण्यासारखी गोष्ट आहे; तिला दुप्पट करण्याची गरज तुम्हाला का वाटली, हे मला खरोखरच समजत नाही. आणि एवढी तयारी करण्याचा कंटाळा असेल तर तोलूच नका. मासा पाण्यात धरून लांबी आणि घेर मोजा, भागाकार करा, खाली ‘अंदाजे’ असे लिहा आणि त्याला जाऊ द्या. हेही जमत नसेल, तर समूहाच्या नावातून ‘पकडा आणि सोडा’ हे शब्द काढा, आणि छायाचित्राखालचा तो आकडाही काढा.