‘घसा जळतो, मग गाळलं काय?’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. आमची व्होडका घशाला जळजळते, घरच्या पाण्याच्या फिल्टर-जगमधून दोनदा काढल्यावर बरी लागली, आणि बाकीचे सात वेळा गाळतात तिथे आम्ही एकदाच गाळतो, असं तुम्ही लिहिलंत.

आधी जगचं. त्याच्या कार्ट्रिजमध्ये पाणी मुरलेलं असतं. ते व्होडकात उतरतं आणि 42.8 टक्के अल्कोहोल खाली येतं. जळजळ इथेनॉलचीच असते. तोंडातले उष्णता ओळखणारे रिसेप्टर एरवी 42 अंशांच्या आसपास चेततात, इथेनॉलमुळे ते 34 अंशांनाच चेततात. व्होडका ज्यातून गाळतात त्या सक्रिय कोळशाचा त्यावर इलाज नाही. (ते जग पाण्यासाठी बनवलेलं असतं, दारू त्यात न घातलेली बरी.)

कोळसा धरतो ती फ्यूजेल तेलं (आंबवताना बनणारी जड, उग्र अल्कोहोलं) आणि काही एस्टर (फळांसारख्या वासाचे घटक). मिथेनॉल आणि ॲसिटाल्डिहाइड (उग्र वासाचा, लवकर उडणारा घटक) यांचे रेणू लहान असतात, ते बहुतांशी निसटतात. ॲसिटाल्डिहाइड डिस्टिलेशनमध्ये सुरुवातीची धार वेगळी काढूनच घालवावं लागतं. तिथे हयगय झाली तर पुढे कितीही गाळा.

‘सात वेळा’ला तसा अर्थ नाही. थकलेल्या कोळशातून सात वेळा काढलं तरी हाती काही लागत नाही. उलट दारू कोळशात फार वेळ राहिली तर त्याच्या पृष्ठभागावर थोड्या इथेनॉलचं ॲसिटाल्डिहाइड बनतं आणि हिरव्या सफरचंदासारखा कच्चा वास येतो. आम्ही 96 टक्क्यांचं स्पिरिट आधी क्षार काढलेलं पाणी घालून सौम्य करतो, मगच गाळतो. कडक स्पिरिटमध्ये नको असलेले घटक विरघळूनच राहतात, कोळशाला नीट चिकटत नाहीत. कोळसा नारळाच्या करवंटीचा. गरम पाण्याने धुताना धुवणाचा पीएच 7 च्या आसपास येईपर्यंत थांबत नाही, नाहीतर राखेमुळे साबणासारखी चव येते. धार खालून वर, संथ. वरून जोरात सोडली की ती कोळशात वाट पाडून तशीच निघून जाते. शेवटी 1 मायक्रॉनचं कार्ट्रिज, ते फक्त कोळशाची भुकटी अडवायला. काहीजण चांदीच्या जाळ्यांतून गाळल्याचं सांगतात, त्याने बाटलीची किंमत नक्की वाढते.

30 मिली व्होडकात 30 मिली आरओचं पाणी घाला, फ्रिजमध्ये न ठेवता वास घ्या. नेलपॉलिश रिमूव्हरचा किंवा कच्च्या सफरचंदाचा वास आला तर मागच्या लेबलवरचा बॅच नंबर कळवा. त्या बॅचचा राखून ठेवलेला नमुना आम्ही तपासू.