बोलावल्याशिवाय येऊ नका

घाटात कुणी पडलं, अडकलं, हरवलं की तासाभरात बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि पाठोपाठ मेसेज सुरू होतात, "निघालोय, कुठे पोचू?" भावनेबद्दल शंका नाही. पण सह्याद्रीतल्या रेस्क्यूबद्दल एकदा रोखठोक बोलायला हवं. बोलावल्याशिवाय येऊ नका. धावून जाणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वानवा नव्हती. वानवा आहे ती सूत्रं एकाच्याच हाती देण्याची आणि सगळ्या टीमनी मिळून सराव करण्याची. पोस्ट लांब आहे, पण पावसाळ्यात डोंगरात जात असाल तर वाचाच.

रेस्क्यूचा पहिला तास फोनवर जातो आणि तो तसाच जायला हवा. अडकलेल्या माणसाचा फोन लागला की समन्वयकाला (म्हणजे सगळ्या टीमची सूत्रं हलवणाऱ्याला) पहिल्या दोन मिनिटांत कळायला हवं: किती जण आहात, कुणाला लागलंय का, तो शुद्धीवर आहे का, हातपाय हलतात का, कुठल्या गावातून किती वाजता निघालात, शेवटची ओळखीची खूण कुठली दिसली, पाण्याचा आवाज कुठल्या हाताला येतोय, बॅटरी किती टक्के आहे. त्यानंतर लोकेशन. इथेच मोठे घोळ होतात. फोनचं जीपीएस नेटवर्क नसतानाही चालतं, पण व्हॉट्सअ‍ॅपचा नकाशा उघडायला नेट लागतं. त्यामुळे अक्षांश-रेखांश साध्या एसएमएसनं मागवायचे. ते वाचून दाखवताना माणूस 'अठरा पंचेचाळीस, त्र्याहत्तर चोवीस' म्हणतो. हे अंश आणि मिनिटं असतील तर तो लोणावळ्यात आहे. हेच आकडे कुणी १८.४५ आणि ७३.२४ असे दशांशात टाकले, तर बोट थेट कोलाडच्या बाजूला पडतं, म्हणजे पस्तीसेक किलोमीटर लांब. दोन्ही ठिकाणी डोंगर आहेत, दोन्हीकडे पाऊस आहे, त्यामुळे नकाशा बघून कुणाला शंकाही येत नाही. म्हणून आकडे घेताना 'पॉइंट' की 'डिग्री' हे विचारायचंच, आणि आकडे परत वाचून दाखवायचे.

दुसरा घोळ बॅटरीचा. नेटवर्क शोधत राहणारा फोन झपाट्यानं संपतो. त्यात मामा, काका, ऑफिस, पत्रकार सगळे त्याच नंबरवर तुटून पडतात. ग्रुपमधला एकच फोन चालू, बाकीचे बंद, आणि दर अर्ध्या तासाला ठरल्या वेळी पाच मिनिटं बोलणं, एवढी शिस्त लावली तर उरलेली बॅटरी बराच जास्त वेळ पुरते. नातेवाइकांना हे समजावणं हे वेगळं काम आहे आणि त्यासाठी वेगळा माणूस लागतो. मे २०२२ मध्ये लोणावळ्याजवळच्या नागफणी सुळक्याच्या परिसरात वाट चुकलेल्या दिल्लीच्या तरुणानं फोन करून तसं कळवलं होतं. पुढे संपर्क तुटला आणि अनेक पथकांनी दिवसेंदिवस शोधल्यावर दरीत मृतदेहच मिळाला.

आता शोध. 'वाट चुकलात तर ओढ्याच्या कडेनं उतरा, गाव लागेल' हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या दिला जातो. सह्याद्रीत तो जीव घेऊ शकतो. आपला डोंगर लाव्हाच्या थरांचा, पायऱ्या-पायऱ्यांचा आहे. ओढा प्रत्येक पायरीवर धबधबा होतो. माणूस एका टप्प्यावरून घसरत, झाडाला धरत खाली येतो, पुढचा टप्पा शंभर फूट निघतो आणि मागचा ओला कातळ परत चढता येत नाही. म्हणून शोध लावताना वाटेच्या दोन्ही बाजूंचे नाळ, ओहोळ आणि त्यांच्यामधले सपाट टप्पे आधी बघायचे.

पहिली तुकडी लहान हवी, तीन-चार जणांची, हलक्या सामानाची. हाक मारायची, शिटी वाजवायची आणि मग पूर्ण मिनिटभर गप्प उभं राहायचं. जखमी माणसाचं उत्तर कुजबुजीएवढं असू शकतं. याच वेळी खालून पन्नास जण आपापल्या मनानं ओरडत चढत असतील तर ऐकू काय येणार? शिवाय चिखलातला बुटाचा ठसा, कारवीच्या झुडपात मोडलेली फांदी, पडलेला बिस्किटाचा कागद या सगळ्यावरून गर्दी चालून गेलेली असते. हरवलेल्याच्या बुटांचा फोटो घरून मागवा म्हणून आम्ही घसा कोरडा करतो तो यासाठी.

आणि "तो भाग बघून झाला" या वाक्यावर विश्वास ठेवू नका. समजा, एखाद्या पट्ट्यात माणूस आहे आणि एका फेरीत तो सापडण्याची शक्यता ६० टक्के आहे. दुसरी तितकीच चांगली फेरी झाली की ती ८४ वर जाते, तिसरीनंतर ९३ च्या वर. म्हणजे दाट जंगलात एक फेरी मारून पट्टा नकाशावरून पुसून टाकणं म्हणजे दहातली चार दारं न उघडताच घर रिकामं ठरवणं. कुणी, किती वाजता, किती अंतर ठेवून, कुठपासून कुठपर्यंत बघितलं याची नोंद तळावर हवी. स्वतःहून आलेला माणूस या नोंदीत नसतो. संध्याकाळी परत आलेली डोकी मोजताना तो वर आहे की घरी गेला हे कुणालाच माहीत नसतं, आणि मग त्याला शोधायला दुसरी टीम काढावी लागते.

समन्वयाचा सगळ्यात अवघड भाग मात्र हद्दीचा. पुणे आणि रायगड जिल्ह्यांची सीमा बऱ्याच ठिकाणी कड्याच्या माथ्यावरूनच जाते. माणूस घाटमाथ्यावरून पडतो आणि कोकणात सापडतो. वरचं पोलीस ठाणं एका जिल्ह्याचं, खालचं दुसऱ्याचं. वर खेचायचं की खाली सोडायचं हा निर्णय मग नुसता दोराचा राहत नाही. तीनशे फूट खाली सोडणं खेचण्यापेक्षा सोपं, पण खालून डांबरी रस्ता चार तासांवर असेल तर त्या सोपेपणाचा उपयोग काय? दोन्ही बाजूंच्या टीमशी एकाच वेळी बोलणारा कुणीतरी लागतो. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स अशा स्थानिक संस्था आपापल्या दऱ्या तळहातासारख्या ओळखतात. त्यांना एका धाग्यात ओवायचं काम महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरनं हाती घेतलं, हे आपल्याकडचं मोठं पाऊल. तुम्हाला काहीच आठवलं नाही तर ११२ लावा. पण लावा एकदाच आणि एकानंच. आठ जणांनी आठ ठिकाणी फोन केले की एका अपघाताचे तीन अपघात होतात आणि टीम वाटल्या जातात.

दोरकामाबद्दल लिहायला बसलो तर पोस्ट संपणार नाही, तेव्हा जिथे चुकतं तेवढंच. गिर्यारोहणाचा दोर वेगळा, रेस्क्यूचा वेगळा. चढाईचा डायनॅमिक दोर ताणला जावा म्हणूनच बनवलेला असतो. त्याच्यावर स्ट्रेचर लटकवलं तर ते यो-योसारखं वरखाली होतं आणि दोर कड्याच्या धारेवर करवतीसारखा घासतो. रेस्क्यूला १०.५ ते ११ मिलिमीटरचा स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणारा दोर, धारेखाली कॅनव्हास किंवा जुन्या फायर होजचा तुकडा, आणि वेगळ्या अँकरवर, म्हणजे दोर बांधायच्या वेगळ्या पक्क्या आधारावर, दुसरा दोर. दोन अँकरवर वजन वाटताना त्यांच्यातला कोन लहान ठेवा. ६० अंशांत प्रत्येकावर साधारण ५८ टक्के वजन येतं, ९० मध्ये ७१, आणि १२० अंशांवर प्रत्येक अँकर पूर्ण वजन पेलतो, म्हणजे दोन असून उपयोग शून्य. कारवीचा जुडगा कितीही जाड दिसला तरी तो अँकर नव्हे. पावसात कातळावरच्या वीतभर मातीत उभं असलेलं हिरवंगार झाडही नव्हे.

खेचायला दोर पुल्यांवरून तीनपदरी फिरवायची 'तीनास एक' पद्धत लावली की कागदावर ताकद तिप्पट होते. पुलीऐवजी नुसत्या कॅराबिनरवरून (दोर अडकवायच्या धातूच्या कडीवरून) दोर फिरवला तर घर्षणात त्यातली निम्म्याच्या आसपास जाते, आणि एक मीटर उचलायला तीन मीटर दोर ओढावा लागतो तो लागतोच. मग 'आणखी वीस जण लावा ओढायला' अशी आरोळी येते. इथे खरा धोका आहे. स्ट्रेचर कातळाच्या कपारीत अडकलं तर चार जणांच्या हाताला ते जाणवतं. वीस जण ते न जाणवताच ओढत राहतात आणि काहीतरी तुटतं. धबधब्याशेजारी ओरडणं ऐकू येत नाही, म्हणून शिट्ट्या: एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे वर, तीन म्हणजे खाली, चार म्हणजे दोर मोकळा. हे सगळ्यांना माहीत असतं असं आपण धरून चालतो. दोन टीमचे संकेत वेगळे निघाले की ते नेमकं कड्यावर कळतं.

जाता जाता, धबधब्यात रॅपलिंग करवणाऱ्या आयोजकांसाठी. दोर वर गाठ मारून पक्का बांधू नका, वजन असतानाही वरून सोडता येईल असा बांधा. केस किंवा टी-शर्ट डिसेंडरमध्ये (दोरावरून उतरताना वेग आवरणाऱ्या साधनात) अडकून माणूस पाण्याच्या धारेखाली लटकला तर तो पडत नाही, तिथेच बुडतो. त्याला वरून सोडून खाली नेणं हा काही मिनिटांचा खेळ आहे.

जखमी कड्यावरून सुटला की मग खरी मेहनत सुरू होते, स्ट्रेचर उचलण्याची. एका वेळी सहा जण, अरुंद वाटेवर कधी चारच. निसरड्या उतारावर दहा-पंधरा मिनिटांत हात भरून येतात, म्हणून तीन पाळ्या, म्हणजे किमान अठरा जण, शिवाय पुढे वाट साफ करणारे आणि डोक्याशी जखमीशी बोलत राहणारा एक. माणसं लागतात ती इथे, आणि तेव्हाच बोलावली जातात. गावातली मंडळी बांबूला चादर बांधून डोलीतून आजाऱ्यांना खाली आणत आली आहेत. त्यांच्याइतकं तोल सांभाळून कुणी चालत नाही. फक्त मणक्याला मार असेल तर झोळी नको, एवढं त्यांना सांगावं लागतं. आणि जखमीला भर उन्हाळ्याखेरीज नेहमी पांघरूण. भिजलेला, रक्त गेलेला माणूस जुलैत घाटमाथ्यावर गारठूनही दगावतो.

पाण्याचं शास्त्र निराळंच. पुरात उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून किनाऱ्यावर धरणं हे आपल्या गावोगावचं चित्र. प्रवाह त्या ताणलेल्या दोरावर माणसाला खाली दाबतो आणि गाठ सुटत नाही. झटक्यात मोकळं होणारं जाकीट नसेल तर बांधूच नका. आधी काठी पुढे करा, मग तरंगणाऱ्या दोराची थ्रो बॅग फेका, उतरणं सर्वात शेवटी. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना त्याच्या पायथ्याशी पाणी उलटं फिरतं. पट्टीचा पोहणाराही त्या घुसळणीतून बाहेर येत नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वर रस्ता नव्हता. जेसीबी पोचला नाही, हवामानामुळे हेलिकॉप्टर उतरलं नाही, फावड्या-घमेल्यांनी हातानं ढिगारा उपसावा लागला. त्या अंधारात चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचं हृदयविकारानं निधन झालं. म्हणजे प्रशिक्षित गणवेशधाऱ्यालाही ती चढण साधी नव्हती. शहरातून चप्पल घालून आलेल्या उत्साही कार्यकर्त्याला तर ती मुळीच नाही.

मग मदत करायचीच असेल तर? जवळच्या टीमकडे आज नाव द्या, अपघाताच्या दिवशी नको. गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स झालाय हे उत्तम, पण तो स्वतः चढायला शिकवतो. दुसऱ्याला उतरवणं वेगळं शिकावं लागतं, तेही रात्री, पावसात, ग्लोव्हज भिजलेले असताना. 'आपदा मित्र' योजनेत १२ दिवसांचं प्रशिक्षण आणि विमाही आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे चौकशी करा. आणि कृपया सगळ्यांनीच दोरावर लटकायचा हट्ट धरू नका. नोंदवही सांभाळणारा, डोंगरधारेवर वॉकीटॉकी घेऊन पाच तास बसून खालचा निरोप वर देणारा, नातेवाइकांजवळ थांबणारा, रात्री दोन वाजता गाडी चालवणारा, अशी माणसं कायम कमी असतात. फोटो यांचे येत नाहीत, बहुधा म्हणूनच.

शासनाकडून मागणं एकच. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ नं संरक्षण दिलंय. दरीत उतरणाऱ्या स्वयंसेवकाला तसं थेट कायदेशीर कवच हवं, आणि टीमच्या यादीतल्या प्रत्येकाला विमा हवा, 'आपदा मित्र'चं ओळखपत्र असो वा नसो.

दरवर्षी मे संपायच्या आत सीमेवरच्या दोन जिल्ह्यांनी मिळून एक सराव करावा. दोन्हीकडचं पोलीस ठाणं, तहसील, १०८ ची रुग्णवाहिका आणि सगळ्या टीम. सुरुवात दोरानं करू नका, अनोळखी नंबरवरून आलेल्या घाबरलेल्या फोननं करा. तळावर कोण प्रमुख हे आधी न सांगता बघा, किती वेळात ठरतं ते. डमीला खरं वजन द्या, पंचाहत्तर-ऐंशी किलो वाळू. आणि संपल्यावर सत्कार, नारळ, भाषणं ठेवण्याआधी दोर धुवा, सावलीत वाळवा, बोटांनी इंच न् इंच चाचपून बघा. कुठे मऊ पडला असेल तर तिथेच कापून बाद करा.