लोगो मोठा करा

काल रात्री एका पोस्टरची सातवी फाइल पाठवली. नाव ‘फायनल_खरंच_फायनल’. बदल सुचवणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडायला म्हणून ही पोस्ट लिहायला घेतली होती. पण सातही फाइल्स शेजारी शेजारी लावून पाहिल्या आणि पंचाईत झाली. पाचवी फाइल पहिलीपेक्षा सरळसरळ चांगली निघाली. सहावी आणि सातवी मात्र बिघडलेल्या.

पहिला शेरा अर्थातच ‘लोगो मोठा करा’. केला. ‘अजून थोडा.’ तोही केला, जरा रागातच, म्हणजे इतका की वाईट दिसावा आणि त्यांनाच कळावं. (हा बालिशपणा धंद्यातले सगळेच करतात, कबूल कोणी करत नाही.) त्यांना काही कळलं नाही. शेवटी फोन करून विचारलं, पोस्टर उघडल्यावर आधी नजर कुठे जाते? म्हणाले, “त्या पिवळ्या पट्टीवर.” पट्टी काढली, लोगो मूळ मापावर आणला आणि पाठवलं. लगेच उत्तर : “हां, आता झाला ना मोठा!” मी हो म्हटलं.

शेरा येतो तो उपाय होऊन येतो, तक्रार त्याच्या पोटात असते. आपण एक तर तो उपाय निमूट अमलात आणतो, नाहीतर त्याच्यावरच भांडतो. तक्रार तशीच राहते.

लुसियन बर्नहार्ड या पोस्टर-चित्रकाराची गोष्ट आमच्या क्षेत्रात नेहमी सांगतात. १९०५-०६ च्या सुमारास बर्लिनमध्ये ‘प्रीस्टर’ काडेपेटीच्या पोस्टरची स्पर्धा होती. त्याने टेबल, त्यावर ॲशट्रे, त्यात सिगार, काड्या, धुरातून नाचणाऱ्या मुली असं सगळं काढलं. मित्र आला, चित्र बघून त्याला वाटलं, सिगारची जाहिरात आहे. मग बर्नहार्ड एकेक गोष्ट पुसत गेला. उरल्या दोन काड्या आणि एक शब्द. परीक्षकांनी ते आधी बाजूला टाकलं होतं म्हणे, पण बक्षीस त्यालाच मिळालं. मला यात आवडतो तो मित्र. त्याने एकही बदल सुचवला नाही. काय दिसलं तेवढं बोलला.

सहाव्या फाइलला असा मित्र नव्हता, पाच जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. एकाला पूर्ण पत्ता हवा, एकाला दोन फोन नंबर, एकाला क्यूआर कोड, एकाला ‘मागे काहीतरी टेक्श्चर’. पाचव्याने फक्त अंगठा दाखवला. साधारण दहा फुटांवरून वाचायचं अक्षर निदान इंचभर उंच असावं, असा ढोबळ हिशेब असतो. ही सगळी भर घालायला मी मुख्य ओळ सोडून बाकी मजकूर अर्ध्या इंचावर आणला. शिवाय सगळे बघत होते ते मोबाइलवर, दोन बोटांनी मोठं करून. भिंतीवरचं पोस्टर बोटांनी मोठं होत नाही.

आणि एक चूक निखळ माझी. पहिला आराखडा मी इंग्रजी डमी मजकुरावर, म्हणजे नुसती जागा भरायला टाकलेल्या मजकुरावर, बेतला होता. ओळींमधली जागा त्याच मापाने धरली. मराठी मजकूर आला तेव्हा वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आणि रफारांवर आदळले. देवनागरीला शिरोरेघेच्या वरही जागा लागते आणि अक्षराच्या खालीही, हे काय मला आज कळलं? त्या पाच जणांपैकी एकाने लिहिलं होतं, ‘वाचताना दमायला होतंय.’ मी ते ‘यांना काही कळत नाही’ या खात्यात टाकलं होतं. सगळ्या शेऱ्यांमध्ये नेमका तोच खरा होता.

पाचवी आणि सातवी दोन्ही ए३ वर छापून घेतल्यात, पाचवीतली ओळींची जागा वाढवून. भिंतीवर लावल्यात. उद्या मंडळी येणार आहेत. खुर्च्या दहा फुटांवर मांडून ठेवल्यात आणि मोबाइल बाहेर ठेवायला कसं सांगावं, याचा विचार चालू आहे.