मुंबई म्हणे हुंड्यात मिळाली!

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला तीन ग्रुपवर आला. सोसायटीच्या, भावकीच्या आणि शाळेच्या बॅचच्या. "मुंबई म्हणजे सात ओसाड बेटं आणि कोळ्यांच्या चार झोपड्या. पोर्तुगिजांनी ती इंग्रजांना हुंड्यात दिली, इंग्रजांनी समुद्र बुजवून शहर उभं केलं. आता तर बंदरही बंद पडलंय." खाली अंगठ्यांची रांग. माझ्या वडिलांची उभी हयात गोदीत गेली, त्यामुळे मला हे वाचून पुढे सरकता येत नाही. एकेक वाक्य घेतो.

"ओसाड बेटं." माहीमला मखदूम अली माहिमींचा दर्गा आहे. अरबीत कुराणावर भाष्य लिहिणारा हा विद्वान १४३१ साली वारला, म्हणजे इंग्रज इथे यायच्या सव्वादोनशेहून जास्त वर्षं आधी. ओसाड बेटावर असा माणूस कुणासाठी लिहीत बसला असेल? वाळकेश्वर आणि बाणगंगेचा इतिहास तर त्याहून मागे, शिलाहार राजांच्या काळात जातो. बोरिवलीहून कान्हेरीला जा. शंभराहून जास्त लेणी, आणि लेण्यांपाशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी. डोंगरावरचं पावसाचं पाणी बारीक पन्हळींनी त्यांत उतरवलेलं. मे महिन्यात मुलीला घेऊन गेलो होतो, तेव्हाही एका टाक्याच्या तळाशी पाणी होतं. ती पन्हळीतून बोट फिरवत टाक्यापर्यंत गेली. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणचे आणि सोपाऱ्याचे लोक आहेत, आणि ही दोन्ही त्या काळची बंदरं. समुद्रावरच्या व्यापाराचा पैसा या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वीच येऊन पोचला होता. आणि "चार झोपड्या"? वरळी, माहीम, माझगाव, शीव इथले कोळीवाडे आजही आहेत. या शहराचं नावही मुंबादेवीवरून आलं.

"हुंड्यात दिली." करार १६६१चा, इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या लग्नाचा, हे खरं. पण त्यात बंदर आणि मुंबई बेट होतं, आजची मुंबई नव्हे. गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयनं ताबा देताना इतके आढेवेढे घेतले, की ताबा घ्यायला आलेला अब्राहम शिपमन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत मेला. १६६५ मध्ये ताबा मिळाला आणि तीनच वर्षांत राजानं बेट वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. वांद्र्यापासून दहिसरपर्यंतचा मुलूख म्हणजे साष्टी. तो या करारात नव्हताच. तो मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून जिंकला, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईही घेतली, आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्यावर चाल करून साष्टी मराठ्यांकडून बळकावली. २०११च्या जनगणनेत शहर जिल्ह्यात सुमारे ३१ लाख माणसं होती आणि उपनगरात सुमारे ९३ लाख. म्हणजे हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी बहुतेकांचं घर त्या हुंड्यात कधी नव्हतंच.

"इंग्रजांनी उभं केलं." मला सगळ्यात जास्त लागतं ते हे वाक्य. कंपनीचा कायदा, आरमार आणि भरावाच्या योजना यांचा वाटा मी नाकारत नाही. पण हात कुणाचे आणि पैसा कुणाचा? जहाजं बांधायला १७३६ मध्ये सुरतेहून लवजी वाडिया आले. त्यांच्या घराण्यानं मलबारी सागवानातून बांधलेलं 'ट्रिंकोमली' १८१७ मध्ये इथल्या गोदीतून पाण्यात उतरलं. ते इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. माहीमच्या खाडीवरचा रस्ता सरकारनं रखडवला, तेव्हा जमशेटजी जीजीभायांच्या पत्नी अवाबाईंनी १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ मध्ये तो खुला झाला. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, तिच्यासाठी झटणाऱ्यांत नाना शंकरशेट होते. पहिली कापडगिरणी कावसजी दावरांची. भाऊचा धक्का बांधणारे भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. भरावाची माती वाहणाऱ्या तेलुगू कामाठ्यांचं नाव कामाठीपुऱ्याला लागलं. यातला बराचसा पैसा चीनला गेलेल्या अफूचा आणि कापसाचा होता, तेही लपवायचं कारण नाही. माळव्यातला अफूवाला शेतकरी आणि रत्नागिरी-साताऱ्याचा गिरणी कामगार यांच्याशिवाय या शहराचा हिशोब लागत नाही.

वडिलांच्या उजव्या खांद्यावर, पोतं टेकायचं तिथे, कातडी कायमची जाड झाली आहे. लहानपणी मी तिला "गोदीचा शिक्का" म्हणायचो. "इंग्रजांनी शहर उभं केलं" हे वाक्य मी त्या खांद्यासमोर उच्चारू शकत नाही.

"बंदर बंद पडलं." साफ चूक. कंटेनर न्हावा शेव्याला गेले, हे खरं. ते बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या जुन्या गोद्या बुजवल्या, हेही खरं, आणि त्यात कामगारांचं झालेलं नुकसान मी घरात पाहिलं आहे. पण मुंबई बंदरातून आजही वर्षाला सहा कोटी टनांहून जास्त माल जातो-येतो. त्यात मोठा वाटा बंदरातल्या जवाहर द्वीप या बेटावर उतरणाऱ्या कच्च्या तेलाचा. तिथून पाइपांनी ते माहुलच्या रिफायनऱ्यांत जातं. आणि न्हावा शेवा तरी कुठे लांब आहे? मुंबई बंदराच्याच खाडीच्या पलीकडच्या काठाला. नैर्ऋत्येचा पावसाळी वारा अडवणारी आणि पूर्वेला खोल पाणी राखणारी अशी जागा कंपनीच्या आधीच्या बंदरात, सुरतेत, नव्हती. तिथे तापीच्या गाळानं जहाजं अडायची.

परवा वडिलांना घेऊन भाऊच्या धक्क्यावर गेलो होतो. उरणजवळच्या मोऱ्याची लाँच सुटत होती. त्यांनी मात्र तिच्या पलीकडे जवाहर द्वीपाच्या बाजूला हात केला. "तो टँकर बघ, लाल पट्टा पाण्याखाली आहे. भरलेला आहे अजून. उद्या सकाळी वर आलेला दिसेल."