जुन्या रेग्युलेटरची टूल्स लेथवर बनवणं : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोन-तीनदा नीट वाचली. स्कूबा डायव्हिंगचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचं प्रेशर उतरवून ती श्वासाला देणारं यंत्र, उघडायला-जोडायला लागणारी पिस्टन बुलेट (पिस्टन बसवताना त्याच्या टोकाला लावायची टोपी) आणि पोर्ट हँडल (बॉडी धरायचा दांडा) लेथवर कशी करून घेतली ते मी लिहिलं होतं, त्यावर तुमचं म्हणणं असं की पाण्याखाली ज्याच्यावर श्वास चालतो त्या वस्तूला वागळे इस्टेटच्या गाळ्यात बनवलेली हत्यारं लावणं म्हणजे जिवाशी खेळ, कंपनीची टूल्स घ्यावीत, नाहीतर जुनं पितळ भंगारात देऊन नवीन रेग्युलेटर घ्यावा. शेवटी तुम्ही लिहिलंय की तुम्ही स्वतः कमर्शियल डायव्हिंग केलंय आणि नेरूळला घरी एक जुना मार्क ५ (स्कूबाप्रो कंपनीचा रेग्युलेटर) पडून आहे. म्हणजे ही काळजी अनुभवातून आलेली आहे, त्यामुळे दोन ओळीत उत्तर देणं मला बरं वाटलं नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण बाकीच्यांनीही तोच अर्थ घेतलेला दिसतोय. मी टूल बनवतो, पार्ट बनवत नाही. सीट (ज्यावर टेकून हवा बंद होते तो भाग), डायफ्राम, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हे सगळं त्या त्या मॉडेलचंच लागतं आणि ते मिळत नसेल तर तो रेग्युलेटर शोकेसमध्ये ठेवायचा, पाण्यात न्यायचा नाही. ओ-रिंगसुद्धा नुसत्या मापावर घ्यायची नाही, मटेरियल आणि कडकपणा बघून घ्यायची, हाय प्रेशरच्या जागी ९० शोअर कडकपणाची लागते तिथे नागदेवीच्या दुकानात "सेम टू सेम" म्हणून दिलेली ७० ची चालत नाही, दिसायला अगदी तशीच असली तरी. यावर आपलं दोघांचं एकमत आहे असं मी धरून चालतो.

आता टूलबद्दल. माझ्याकडे लोक जुने रेग्युलेटर घेऊन येतात, त्यात आधी कुणीतरी उघडलेले असतील तर ते बाहेरूनच कळतं, योकच्या (सिलिंडरला अडकवायच्या कड्याच्या) नटाचे कोपरे गोल झालेले, क्रोमवर पाइप रेंचच्या दातांचे व्रण, आणि आत बघाल तर ओ-रिंगच्या खाचेत स्टीलच्या टोच्याने ओढलेला सरळ चरा. ही नासधूस पकड, स्क्रू ड्रायव्हर आणि घाई यांनी केलेली असते. मापात बसणारं टूल हाताशी असतं तर त्यातलं निम्म्याहून जास्त झालंच नसतं. तुम्ही ज्याला धोका म्हणताय तो खरा आहे, फक्त तो येतो कुठून यावर आपला मतभेद आहे.

मार्क ५ तुमच्याकडे आहे म्हणून त्याचंच उदाहरण घेतो. १९७० च्या आसपासचं हे डिझाइन, बॅलन्स्ड पिस्टन. हवा योककडून आत येते, पिस्टनच्या पोकळ दांड्यातून आरपार टरेटकडे (होज जोडायच्या फिरत्या भागाकडे) जाते, तिथे साधारण १३५-१४० पीएसआय झालं की ते प्रेशर पिस्टनच्या डोक्याला ढकलतं, स्प्रिंग दबते आणि दांड्याच्या टोकाची पातळ धार सीटवर जाऊन टेकते, हवा बंद. तुम्ही श्वास घेतला की टरेटकडचं प्रेशर पडतं आणि धार सीटवरून उठते. म्हणजे सिलिंडरमधले २०० बार आणि तुमची छाती यांच्यामध्ये ती एक धार, ती सीट आणि दांड्याभोवतीची एक छोटी ओ-रिंग एवढंच आहे.

आणि गंमत म्हणजे जोडताना तीच धार त्याच ओ-रिंगमधून पलीकडे काढावी लागते. बुलेट न लावता पिस्टन ढकलला तर धार ओ-रिंगला कापते, किंवा बॉडीच्या पितळेला घासून स्वतःच बोथट होते. ओ-रिंग कापली गेली की बॉडीच्या बाजूच्या भोकांतून बुडबुडे येतात, ते निदान डोळ्यांना दिसतं तरी. धारेला बारीकसा खड्डा पडला तर बाहेरून काहीच कळत नाही, गेजवर मात्र काटा १४० ला येऊन थांबत नाही, हळूहळू वर सरकत राहतो आणि शेवटी सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग) आपोआप वाहायला लागते.

म्हणून बुलेट. डेलरिन या कडक प्लास्टिकचा रॉड घेतला, मागची शेपटी दांड्याच्या भोकात हाताने सहज जाईल पण लडबडणार नाही अशी टर्न केली, पुढे गोल निमुळतं नाक, आणि खांदा असा की धार पूर्ण झाकली जाईल पण दांडा आणि बुलेट यांच्या सांध्यावर नखाला पायरी लागता कामा नये. लेथवाल्या काकांनी मायक्रोमीटर लावून माप दिलं, पण शेवटचं फिनिशिंग मी स्वतः केलं, बारीक पॉलिश पेपर पाणी लावून, रॉड लेथवर फिरत असतानाच. मग कापसाचा बोळा सगळीकडून फिरवायचा. कुठे बर (कापताना उरलेली बारीक कूस) राहिली असेल तर कापसाचा तंतू तिथे अडकतो, डोळ्याला दिसत नाही ते कापूस दाखवतो. एकही तंतू अडकला तर ती बुलेट रेग्युलेटरला लावायचीच नाही, परत लेथवर. हीच कापसाची परीक्षा मी पिस्टनच्या दांड्यावर आणि बाजारातून आणलेल्या टूलवरही घेतो, बिल आहे म्हणून बर नसेल असं मी धरत नाही.

पोर्ट हँडलचं तसंच. बॉडी व्हाइसमध्ये दाबली की क्रोम जातं, कधी कधी बॉडीच दबते, म्हणून पोर्टमध्ये (होज जोडायच्या भोकात) आट्यांचा दांडा फिरवून त्याला धरायचं. ठाण्यात मेट्रिकची डाय कुठेही मिळेल, ३/८-२४ यूएनएफ (इंची आट्यांची) शोधावी लागते, पण शोधायची, जवळपासचं मेट्रिक ठोकायचं नाही. दांडा दोन बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे, पाना लावायची वेळ आली तर तिथेच थांबायचं, कारण दांडा स्टीलचा आणि आटे पितळेचे, हरणार पितळच.

ओ-रिंग काढायचा टोचा मी पितळेचा किंवा प्लास्टिकचा वापरतो, त्यावर जास्त लिहीत नाही, स्टीलचा नको एवढंच.

सेकंड स्टेजचा मुद्दा तुम्ही काढलात ते बरं झालं. ऑरिफिस (हवा जिथून येते ते भोक असलेला भाग) आत-बाहेर फिरवून क्रॅकिंग (किती ओढलं की हवा सुटते ते) सेट करायचं असतं तेव्हा पर्ज (हवा सोडायचं बटण) दाबून धरायचं, म्हणजे सीट ऑरिफिसवरून उचललेली राहते, नाहीतर फिरवताना ऑरिफिसची कड सीटमध्ये गोल खाच पाडते आणि नवीन सीट पहिल्याच दिवशी वाया जाते. मोजायला मी पारदर्शक नळीचा यू करून, पाणी भरून, मागे पट्टी लावलेली आहे. दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक मोजायचा, एकीकडचा नाही, आणि तो एक ते दीड इंच पाण्याच्या आसपास आला की मला समाधान वाटतं. या नळीला तुम्ही जुगाड म्हणालात. पण सर, पाण्याची उंची कुणासाठी खोटं बोलत नाही, ते प्रेशर मोजायचं मूळ साधन आहे.

गेजच्या बाबतीत मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत. इंटरमिजिएट प्रेशरचं (टरेटकडचं ते १४० च्या आसपासचं प्रेशर मोजायचं) गेज चांगलंच घ्यायचं आणि एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमधून कॅलिब्रेट करून घ्यायचं, आणि त्याच्या लाइनला रिलीफ व्हॉल्व्ह हवाच, कारण सीटने दगा दिला तर ४०० पीएसआयच्या गेजवर सिलिंडरचं प्रेशर येऊ शकतं आणि त्याची काच तुमच्या चेहऱ्यासमोर असते. सिलिंडरचा व्हॉल्व्ह हळूच उघडायचा, तोंड बाजूला ठेवून, सेकंड स्टेज जोडलेली ठेवून. हे नवीन रेग्युलेटरलाही लागू आहे.

"भंगारात द्या" याच्याशी मी सहमत होऊ शकत नाही. पॅरिसमध्ये १९४३ मध्ये नौदल अधिकारी कुस्तो आणि इंजिनिअर गान्यान यांनी डिमांड रेग्युलेटर (श्वास घेतला की तेवढीच हवा देणारा) उभा केला तो कशावरून, तर युद्धात पेट्रोल नाही म्हणून गॅसवर चालणाऱ्या गाड्यांसाठी गान्यानने केलेल्या व्हॉल्व्हवरून. पहिली चाचणी मार्न नदीत झाली, ती मनासारखी झाली नाही, परत येऊन सुधारणा केल्या. हे यंत्र जन्मापासून वर्कशॉपमधलं आहे, उघडायचं, बघायचं, परत लावायचं. चांगल्या पितळेची बॉडी आणि मोजके हलते भाग असलेली वस्तू नीट सांभाळली तर टाकायचं कारण काय? इथली सर्व्हिस सेंटर्स जुनं मॉडेल बघितलं की हात वर करतात, त्यांचाही नाइलाज असतो, किट नाही, टूल नाही. पण म्हणून ती विद्याच आपल्याकडे राहू नये का? पावसाळ्यात मालवण-तारकर्लीचं डायव्हिंग बंद असतं ते महिने याच कामासाठी आहेत असं मी समजतो.

आणि हो, नवशिक्याने माझं वाचून थेट पाण्यात उतरू नये हे तुमचं म्हणणं मी वर ठळक करून टाकतोय. आधी बेंचवर, काटा स्थिर राहतो का ते बघून, मग बादलीत, मग पूलमध्ये सोबतीला माणूस आणि दुसरा रेग्युलेटर घेऊन. समुद्र त्यानंतर.

तुमच्या मार्क ५ बद्दल एक विनंती. जुन्या कित्येक रेग्युलेटरवर हाय प्रेशरचा पोर्टही ३/८-२४ चाच असायचा, नंतर तो ७/१६-२० केला, म्हणजे जुन्यावर लो प्रेशरचा होज हाय प्रेशरच्या पोर्टला आरामात बसतो आणि सिलिंडर उघडला की फुटतो. तुमच्याकडचा नेमका कुठल्या काळातला आहे ते बघितल्याशिवाय त्याला काहीही जोडू नका. भंगारवाल्यालाही देऊ नका. एखाद्या रविवारी ठाण्याला घेऊन या, ट्रान्स हार्बरने ऐरोलीवरून सरळ येता येतं, बुलेट आणि गेज दोन्ही काढून ठेवतो, तुमच्यासमोर उघडू आणि धार कशी आहे ते भिंगाखाली तुम्हीच बघा. धार गेलेली निघाली तर तसं स्पष्ट सांगेन, आणि पिस्टन मिळेपर्यंत तो बंदच ठेवू.