लंडनचं इलेक्शन अन् आमचे मोठेबाबा

2024 चा मे महिना. आमच्याकडं लोकसभेचं मतदान 26 एप्रिललाच होऊन गेलेलं, शाई तेवढी नखात उरली होती, मी म्हटलं चला सुटलो एकदाचे, तर लंडनात शिकणाऱ्या भाच्याचा व्हिडिओ कॉल, "मामा, मी बी मत टाकलं, महापौराचं!" तिथं राहणाऱ्या कॉमनवेल्थ म्हणजे राष्ट्रकुलातल्या देशाच्या माणसाला (त्यात आपण बी आलो) मत देता येते म्हणे, नाव नोंदवलं अन् भारताचा पासपोर्ट दाखवला की झालं. हे मला कळलं, पण कूलरच्या घरघरीत ओरडून मोठेबाबांना कोण सांगणार? मीच.

"कोन आला?"

"सादिक खान. जुनेच. 2016 पासून तेच, तिसरी खेप."

"तिसऱ्यांदा? काहून, तिथं आरक्षणाची चिठ्ठी नाई काढत?"

घ्या! आपल्याकडं महापौर अडीच वर्षांचा, तोही नगरसेवकांनी निवडायचा, अन् खुर्ची कोणाच्या वाट्याची ते सोडतीत निघणार. सरपंचाचं तर विचारूच नका, 2017 ला थेट जनतेतून, 2020 ला सदस्यांतून, 2022 ला परत थेट. आमच्या मागच्या सरपंचानं बिचाऱ्यानं नाल्या बांधल्या, पांदण रस्ता केला, अन् नेमकं महिला राखीव निघालं. मग बायको उभी केली. आता सही तिची, मिटिंगमधी भाषण याचं.

सादिकभाऊंचे वडील बस ड्रायव्हर होते हे ऐकून मोठेबाबा एकदम खुश, "म्हंजे यष्टीवाल्याचा पोट्टा!" पण खुशी काही टिकली नाही, कारण भाचा बोलून गेला की याच माणसानं जुन्या धूरवाल्या गाड्यांवर रोजचे साडेबारा पाउंड लावले, 2023 ला तर अख्ख्या लंडनभर, लोक लय बोंबलले तरी गडी आलाच. साडेबारा पाउंड म्हणजे तेराशे रुपये. मोठेबाबांनी अंगणातल्या जुन्या राजदूत फटफटीकडं पाहिलं. ती सुरू केली की शेजारची म्हैस दावं तोडते.

"तेराशात पाच बाया निंदाले येते बे! अन् तरी पडला नाई?"

विषय बदलावा म्हणून मी सांगितलं की एक उमेदवार तर डोक्यात कचऱ्याचा डब्बा घालून उभा होता, काउंट बिनफेस नावाचा, त्याला 24 हजारांवर मतं पडली. मोठेबाबा हसतील वाटलं, पण ते गंभीर.

"डिपॉझिट?"

"गेलं. 10 हजार पाउंड. दहा लाखाच्या वर."

मोठेबाबांचं स्वतःचं पंचायत समितीत जप्त झालं होतं, घरात तो विषय कोणी काढत नाही. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला अन् भाच्याला म्हणाले, "त्या डब्बेवाल्याले सांगजो, इकडं ये म्हना. आपल्याइथं डिपॉझिट स्वस्त हाय."