दिवा लागत नाही म्हणजे एअरबॅग चांगली? सिटीप्रेमी यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सिटीप्रेमी, नमस्कार.

२०१२ च्या होंडा सिटीतल्या ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "उगाच लोकांना घाबरवू नका. माझ्या गाडीचा एसआरएसचा [डॅशबोर्डवरचा एअरबॅगच्या बिघाडाचा] दिवा इतक्या वर्षांत एकदाही लागला नाही, म्हणजे एअरबॅग ठणठणीत आहे. धोका असता तर सरकारनेच सक्ती केली असती. अर्धवट माहितीवर ब्लॉग लिहिणाऱ्यांचं पेव फुटलंय." शिवाय मालकांच्या बारीकसारीक तक्रारी आणि रिकॉल (दोषामुळे कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं) मी एकाच यादीत घातले, असाही आक्षेप घेतलात.

यादीचं म्हणणं मान्य. सस्पेन्शनचा खडखडाट आणि फुटणारा इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारा धातूचा डबा) एका रांगेत नको होते. आता वेगळे केले आहेत. पण "बारीकसारीक" हा शब्द जपून वापरा. आधीच्या पिढीच्या सिटीत ड्रायव्हरच्या दारातल्या पॉवर विंडो स्विचमध्ये पाणी शिरून शॉर्ट व्हायचं आणि आग लागण्याचा धोका होता. त्याचंही रिकॉल झालं. काच नीट चालत नाही, ही तक्रारसुद्धा म्हणूनच हसण्यावारी नेऊ नये.

आता "पेव फुटलंय". मतभेद असू द्या, पण एसआरएसच्या वायरिंगवर काम करून ज्याने पोट भरलं, त्याला अर्धवट माहितीवाला म्हणण्याआधी लेख शेवटपर्यंत वाचायला हवा होतात. वाचला असतात तर दिव्याचं वाक्य लिहिलंच नसतंत. तो खुलासा लेखात होता. पुन्हा देतो, कारण हा गैरसमज जीवघेणा आहे.

चावी फिरवली की एसआरएसचा दिवा सुमारे ६ सेकंद पेटतो आणि विझतो. तेवढ्या वेळात कंट्रोल युनिट सर्किट तपासतं: सेन्सर जागेवर आहेत का, पिवळे कनेक्टर जोडलेले आहेत का, इन्फ्लेटरमधल्या ठिणगी पाडणाऱ्या तारेचा रोध ठरलेल्या मर्यादेत आहे का. बस, इतकंच. त्या तारेपलीकडे धातूच्या डब्यात जे इंधन आहे, त्याची अवस्था मोजणारा एकही सेन्सर गाडीत नाही.

आणि दोष नेमका त्या इंधनात आहे. ताकाताने अमोनियम नायट्रेट वापरलं आणि या इन्फ्लेटरांत ओलावा शोषणारा पदार्थ घातला नाही. दिवसा तापणं, रात्री थंड होणं, हवेतला दमटपणा. वर्षानुवर्षं हे चक्र चाललं की इंधनाच्या वड्या सच्छिद्र होतात. मग अपघातात त्या ठरल्यापेक्षा वेगाने जळतात, दाब डब्याला पेलत नाही, डबा फुटतो आणि धातूचे तुकडे पिशवी फाडून गळ्यात, तोंडात घुसतात. किरकोळ धडकेतही लोक गेले आहेत. अमेरिकेच्या रस्तेसुरक्षा खात्याने २०१६ मध्ये २००१ ते २००३ सालच्या काही होंडा गाड्यांबद्दल सांगितलं होतं की त्यांचे इन्फ्लेटर फुटण्याची शक्यता ५० टक्क्यांपर्यंत आहे.

म्हणजे "इतक्या वर्षांत काही झालं नाही" हा तुमचा दिलासा उलटा आहे. वय वाढतं तसा धोका वाढतो. उष्ण आणि दमट हवा सर्वांत वाईट. मुंबई, रत्नागिरी, पणजीतल्या मालकांनी हे वाक्य दोनदा वाचावं. गाडी आज नाशिकला असली तरी तिची पहिली काही वर्षं कुठे गेली, हेही बघावं.

सरकारी सक्तीचं एका ओळीत: सक्तीच्या रिकॉलचे नियम १ एप्रिल २०२१ पासून आले आणि ते ७ वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांसाठी आहेत. तुमची २०१२ ची गाडी त्यात बसत नाही. कंपनीने आपणहून मात्र जानेवारी २०१७ मध्ये २०१२ सालच्या ४१,५८० गाड्या परत बोलावल्या (सिटी, जॅझ, सिव्हिक, अकॉर्ड) आणि जानेवारी २०१८ मध्ये २०१३ सालच्या आणखी २२,८३४.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. आरसीवरचा १७ अक्षरी चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावरच्या रिकॉल तपासणीत टाका. काम बाकी दिसलं तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन वेळ घ्या. इन्फ्लेटर फुकट बदलतात, मालक दुसरा असो वा तिसरा. जॉबकार्डावर रिकॉलच्या कामाची नोंद मागून घ्या. गाडी विकताना तोच पुरावा. २०१७ चं रिकॉल पुढच्या प्रवाशाच्या एअरबॅगचं होतं, म्हणून काम होईपर्यंत त्या सीटवर कोणालाही बसवू नका. मीटर लावून एअरबॅगचं सर्किट तपासायला जाऊ नका. मीटरच्या करंटनेही ती उडू शकते.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. अपघातात एअरबॅग उडाली आणि गॅरेजवाल्याने भंगारातून काढलेली बसवली, तर चासी नंबर "काम पूर्ण" दाखवेल आणि डॅशबोर्डमागे दुसऱ्याच गाडीचा जुना इन्फ्लेटर असेल. अशी शंका आली तर सर्व्हिस सेंटरला एअरबॅगच्या मॉड्यूलवरचं (पिशवी आणि इन्फ्लेटरच्या जोडणीवरचं) लेबल वाचून दाखवायला सांगा.

रिसेलची किंमत पडेल, कंपन्यांचे डावपेच असतात वगैरे जे तुम्ही पुढे लिहिलंत, त्यावर वेळ घालवत नाही. तुमच्या शेजारच्या सीटवर घरातलं माणूस बसतं. आधी चासी नंबर टाका, काय आलं ते इथे लिहा, मग माझ्या माहितीच्या अर्धवटपणावर हवं तेवढं बोलू.